होज पाइपवालं भोसरीतलं दुकान: काम एक नंबर, बिलाची बोंब

मी महापालिकेच्या वर्कशॉपला मेकॅनिक, पाणीपुरवठा नि ड्रेनेजच्या गाड्या, जेटिंग मशीन, जेसीबी सगळं आमच्याच गळ्यात. मध्यंतरी एका रात्री मेन लाइनचा लीकेज काढायला खड्डा खणत होते आणि जेसीबीच्या बकेट सिलेंडरचा (ऑइलच्या दाबावर बकेट हलवणारा) पाइप फुटला, ऑइलचा फवारा थेट काचेवर, ऑपरेटर बिचारा वायपर मारतोय नि काच अजूनच चोपडी होतेय 😅

फुटलेला पाइप दुसऱ्या एका दुकानातनं आणलेला, अर्धा इंची सिंगल वायर, म्हणजे रबरात तारेच्या जाळीचा एकच थर. तो साधारण १६० बार (दाबाचं माप) झेलणारा, आणि मशीनचं प्रेशर २५० च्या आसपास, मग टिकणार किती?

सकाळी तुकडा गोणपाटात गुंडाळून भोसरी एमआयडीसीतल्या या दुकानात गेलो. मालकाने आधी आटे गेजने तपासले, बीएसपी (ब्रिटिश मापाचे) की मेट्रिक (मिलिमीटरचे) ते बघितलं, नाहीतर बाकीचे नुसतं डोळ्याने बघून 'बसतंय ओ' म्हणतात आणि नंतर मशीनखाली झोपून गळती पुसायची आपण. डबल वायर पाइप दिला, २७५ बारचा. कापल्यावर आतनं हवा मारून रबराचा भुगा काढला (हे न केल्यामुळे व्हॉल्व्ह अडकलेले बघितलेत मी), मग क्रिम्पिंग (मशीनने फिटिंग पाइपवर दाबून बसवणं), आणि फेरूल (टोकावरची दाबलेली धातूची नळी) कॅलिपरने मोजून दाखवली. वीस मिनिटांत मोकळा.

एक स्टार कापलाय तो बिलासाठी. संध्याकाळी पाठवतो म्हणाले आणि सहा दिवस लावले, आमच्याकडे पक्क्या बिलाशिवाय रुपया सुटत नाही, तोवर माझ्या खिशातले गेलेले. आणि हो, बाइकवरच जा, गाडी लावायला जागा नाही.