पीएसपी की डीएस? भांडण एका ठिपक्याचं
हातात धरून खेळायचे हे दोन्ही गेम कन्सोल जपानमध्ये दहा दिवसांच्या अंतराने आले: २ डिसेंबर २००४ला निन्टेन्डो डीएस, १२ला सोनीचा पीएसपी. पीएसपीचा ४.३ इंची पडदा म्हणजे तेव्हा डोळ्यांची चैन! ४८० बाय २७२, म्हणजे १,३०,५६० पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके. त्यातला एखादाच एका रंगावर अडकला, की अंधाऱ्या सीनमध्ये लाल किंवा हिरवा ठिपका, आणि एकदा दिसला की नजर सारखी तिथेच. डीएसला २५६ बाय १९२चे दोन पडदे. मृत, म्हणजे कायमचे बंद पडलेले, पिक्सेल त्यातही निघायचे, शिवाय खालच्या टचस्क्रीनवर स्टायलसचे (पडद्यावर टेकवायच्या काडीचे) ओरखडे. पण दोन्हीकडच्या चाहत्यांचं एकच, आपला तो बाब्या! स्वतःचा ठिपका ‘चालतो हो एवढा’, समोरच्याच्या ठिपक्याला मात्र भिंग. मला विचाराल तर चित्रासाठी पीएसपी, रोज खिशात टाकायला डीएस. मिटला की दोन्ही पडदे आत.