तलंगा म्हणून गळ्यात मारलेल्या म्हाताऱ्या कोंबड्या

हिवाळ्यात अंडी हवी असतील तर त्याच वर्षी जन्मलेल्या तलंगा, म्हणजे अंडी नुकतीच सुरू होणार असलेल्या कोवळ्या कोंबड्या, घ्याव्यात, हा सल्ला खोटा नाही. पहिल्या हिवाळ्यात त्या सहसा पिसे झाडत नाहीत आणि दिवस लहान झाले तरी बऱ्यापैकी अंडी देतात. नेमका याच गोष्टीचा आधार घेऊन एका विक्रेत्याने मला १०,१५० रुपयांना गंडवले : बारा पक्ष्यांचे ७,८००, वाहतुकीचे ९०० आणि वर ‘थंडीच्या टॉनिक’चे १,४५०. फोटो भलत्याच पक्ष्यांचे, अर्धे पैसे आगाऊ आणि माल अंधार पडल्यावर पोहोचवणार. पुढचे सांगायला नको.

खोक्यातून पहिली कोंबडी काढली तेव्हा तिचे पाय माझ्या हातातच होते. पिवळ्या पायांच्या जातीत, अंडी सुरू न झालेल्या तलंगेचे पाय चांगले पिवळेधमक असतात आणि अंडी देता देता तो रंग उतरत जातो. हे पाय पांढुरके, खवले जाड आणि उचकटलेले. मी विचारलेही, तर गाडीवाला म्हणाला, ‘प्रवासाने असं होतं, साहेब.’ आणि मी उरलेले पैसे दिले! अंधारात, बारा फडफडणारे पक्षी सांभाळताना, गाडीवाला घाई करीत असताना दुसऱ्या कोणी काय वेगळे केले असते? पक्षी दिवसाउजेडी, हातात धरून पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नका.

लवकरच त्यांच्या मानेवरची पिसे गळू लागली. विक्रेत्याने थंडीचे कारण सांगून टॉनिक विकले आणि ‘रोज दोन अंडी’ असे आश्वासन दिले. एक अंडे तयार व्हायलाच २४ ते २६ तास लागतात, हे त्याला ठाऊक नव्हते असे मी मानत नाही. डब्यात निघाली शिंपल्यांची भुकटी, म्हणजे नुसता चुना. पीस जवळजवळ पूर्ण प्रथिनांचे असते. ते चुन्याने उगवत नाही. शिवाय हिवाळ्यात अंडी कमी होतात ती मुख्यतः उजेड कमी पडल्यामुळे. खुराड्यात पहाटे दिवा लावून एकूण उजेड १४ तासांच्या आसपास नेण्याला टॉनिकच्या डब्याहून कितीतरी कमी खर्च येतो. मात्र पिसे झाडणाऱ्या म्हाताऱ्या कोंबडीला दिवा लावून तलंग करता येत नाही.

पोलीस ठाण्यात मला कोंबड्यांच्या जन्माचा पुरावा मागण्यात आला आणि त्यावर दोघे जण हसले. बँकेने सांगितले की व्यवहार मी स्वतःच मंजूर केलेला असल्याने त्यांचा संबंध नाही. पशुवैद्यांनी पाय पाहून ‘या वापरून काढून टाकलेल्या कोंबड्या आहेत’ असे तोंडी सांगितले, पण ते कागदावर लिहून देण्यास नकार दिला. आणि ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर तोच कागद हवा होता, सोबत पावतीही, जी ठग कधीच देत नाही. पावतीवर पक्ष्यांचे वय आठवड्यांत लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा. त्या विक्रेत्याची जाहिरात आता नव्या क्रमांकाने, त्याच फोटोंसह चालू आहे, आणि तिची माहिती दिल्यावर ठाण्यातून मला एवढेच उत्तर मिळाले की नवीन क्रमांकासाठी नवीन तक्रार लागेल.