लिनक्सचं 'पर्फ': कोअरगणिक हिशेब

विक्रोळीच्या आमच्या ऑफिसात शेअरबाजाराचे भाव वाचणारा सर्व्हर आहे. सव्वानऊला बाजार उघडला की तो अडखळायचा, सीपीयू मात्र निम्मा रिकामा दिसायचा. छडा लागला तो 'पर्फ'मुळे. प्रोसेसरच्या आत काय किती वेळा घडतं ते मोजणारं, २००९ साली लिनक्सच्या कर्नलच्या (म्हणजे गाभ्याच्या) २.६.३१ आवृत्तीत आलेलं हे साधन फुकट आहे.

त्याची 'पर्फ स्टॅट' ही कमांड सगळ्या कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र भागांची, बेरीज देते, पण खरी मजा बेरीज बंद करून कोअरगणिक आकडे पाहण्यात. एकाच कोअरवर कॅश मिस (हवी ती माहिती जवळच्या वेगवान मेमरीत न सापडणं) कितीतरी पट जास्त होते. नेटवर्क कार्डाचे सगळे इंटरप्ट, म्हणजे 'हातातलं काम थांबवून इकडे बघ' असे इशारे, तिथेच येत होते. ते वाटून दिले आणि सर्व्हर सुटला!

हे आकडे मोजणारा काउंटर म्हणजे त्या-त्या कोअरमधलं रजिस्टर, एक आकडा ठेवणारी छोटी जागा. दुसऱ्या कोअरवरचा चालू आकडा हवा तर कर्नल त्याला इंटरप्ट पाठवून तिथेच वाचून घेतं. म्हणून क्षणाक्षणाला वाचत बसू नका, मोजणीचाच भार पडतो.

खटकलं ते एवढंच: काउंटर मोजके असतात. जास्त इव्हेंट (मोजायच्या घटना) मागितले की पर्फ ते आळीपाळीने मोजतं आणि उरलेलं अंदाजाने भरतं. याची खूण काय, तर ओळीच्या शेवटी कंसातले टक्के. नवख्याच्या ते लक्षातही येत नाही. इशारा ठळक हवा होता. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर तर बऱ्याचदा हे काउंटर मिळतच नाहीत, आधी विचारून घ्या.