एमडीएडीएम: मिरर झकास, पण बनवतानाच घात करते

आपला फोटो स्टुडिओ आहे दारव्ह्याकडच्या एका खेड्यात, टिनाच्या छताखाली, आणि लग्नांचा डेटा ठेवायला कोपऱ्यात एक जुना पीसी, त्यावर उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स सिस्टीम. २ टीबीच्या एकाच डिस्कवर चार वर्षांची लग्नं, साक्षगंध, बारसे सगळं. ती डिस्क गेली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, म्हणून तेवढीच दुसरी आणली अन् ठरवलं की मिरर करायचा, म्हणजे रेड वन, एकीवर लिहिलं की दुसरीवरही आपोआप लिहिलं जाते. लिनक्समधे त्यासाठी एमडीएडीएम नावाचा प्रोग्राम आहे, कमांड लिहून चालवायचा, फुकट आहे, वर्षभर वापरून राहिलो, म्हणून लिहितो.

आधी माझा गाढवपणा सांगतो, कारण तोच कामाचा आहे. मला वाटलं दोन्ही डिस्क दिल्या की हे भरलेली कोणती अन् रिकामी कोणती ते ओळखून घेईल. क्रिएट कमांड दिली, दोन्ही डिस्कची नावं लिहिली, नवी डिस्क आधी आली. त्यानं विचारलंही बाप्पा, की यातल्या एकीवर आधीची फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची रचना, दिसते, तरी करू का? मी दुपारच्या जेवणाच्या घाईत वाय दाबला अन् चहा घेऊन आलो. दहा मिनिटांनी माउंट करायला, म्हणजे फाइली दिसाव्या म्हणून डिस्क जोडायला गेलो तर माउंटच होईना, चुकीची फाइल सिस्टीम म्हणते, मग मिररची हालत दाखवणारं एमडीस्टॅट पाहिलं तर रिसिंक ४ टक्के झालं होतं. रिसिंक काय करते, पहिल्या नंबरची डिस्क वाचते अन् दुसऱ्या नंबरचीवर उतरवते. पहिली कोरी होती. म्हणजे दहा मिनिटांत माझ्या भरलेल्या डिस्कचे सुरुवातीचे ८० जीबी कोऱ्यानं पुसून झाले होते, आणि कोणती फाइल कुठं ठेवली याची मुख्य यादीही त्या सुरुवातीच्या भागातच होती.

पॉवरची वायर ओढली. पीसी नीट बंद करायचं भानच नव्हतं.

मग फोटोरेक नावाचा गेलेल्या फाइली शोधायचा प्रोग्राम चालवला दोन दिवस. ते उरलेल्या जागेतून जेपीजी उपसून काढते, पण नावं अन् फोल्डर परत येत नाही. हजारो फोटो, नावाच्या जागी नुसते आकडे. रात्री जेवण झालं की मी अन् बायको बसायचो, हे पिवळं लुगडं कोणाच्या हळदीतलं, हा मंडप कोणत्या लॉनवरचा, या आजीले कुठं तरी पाह्यलं, असं करत करत लावलं. व्हिडिओ बहुतेक तुटलेलेच निघाले. शेवटच्या दोन लग्नांची कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट केली नव्हती म्हणून तेवढी सहीसलामत वाचली.

नंतर वाचलं तर समजलं की जुनी डिस्क आधी दिली असती तरी फाइली सरळ दिसल्या नसत्याच. आता एमडीएडीएम आपलं लेबल सुरुवातीपासून ४ केबीवर लिहिते आणि डेटाची जागा त्याच्याही पुढून धरते, म्हणजे जुनी फाइल सिस्टीम जिथून सुरू होत होती ते दारच हलते. फक्त तेव्हा डेटा तसाच पडून राहतो, काढता येतो. माझ्यासारखं उलटं झालं तर विषय संपला.

दुसऱ्या वेळी नीट केलं. पहिले मित्राची यूएसबी डिस्क मागून आणली अन् जे वाचलं होतं ते सगळं तिच्यावर काढलं, याच्याशिवाय पुढं जाऊच नका. मग जुन्या डिस्कवर बायकोची लाल टिकली चिकटवली, कारण लिनक्स डिस्कले देते ती एसडीए अन् एसडीबी ही नावं रीस्टार्ट झाल्यावर अदलाबदल होऊ शकतात, खरी ओळख सीरियल नंबरचीच. नवी डिस्क एकटी घेऊन, दुसरीच्या जागी मिसिंग असं लिहून अर्धाच मिरर बनवला, तो फॉरमॅट केला, डेटा त्यात कॉपी केला, पाच-पन्नास फोटो उघडून पाह्यले, आणि तेव्हा कुठं टिकलीवाली डिस्क त्यात अॅड केली. ती अॅड केल्या क्षणी तिच्यावरचं जुनं पुसणं सुरू होते हे डोक्यात ठेवा. माझ्याकडे पूर्ण रिसिंकले साडेचार तास लागले, आणि तेवढा वेळ मिररमधे तुमची खरी प्रत एकच असते, तीही नव्या न तपासलेल्या डिस्कवर अन् सारखी वाचली जाऊन राहिलेली. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, मी कूलरचं तोंड पीसीकडे फिरवून स्वतः घामाघूम बसलो होतो.

बाकी वर्षभरात मस्त चाललं. लाइट तर आमच्याकडे केव्हाही जाते, पण बिटमॅप, म्हणजे कुठं लिहिणं चालू आहे याची नोंद, चालू असला की परत आल्यावर जिथं लिहिणं चालू होतं तेवढाच भाग जुळवते, सगळे २ टीबी नाही.

एक गोष्ट मात्र खटकते, हे आपल्या तोंडानं काही सांगत नाही. एकदा केबल ढिली होऊन एक डिस्क बाहेर पडली अन् मी महिनाभर एकाच डिस्कवर काम करत होतो, फोटो उघडत होते म्हणून पत्ताच नाही. एमडीस्टॅटमधे दोन यू दिसायला पाहिजे, तिथं एक यू अन् एक रेघ होती. ईमेल पाठवायची सोय आहे पण ती आपल्याले लावावी लागते. आता दर सोमवारी दुकान उघडलं की पहिले तेच पाहतो.

आणि भाच्यानं चुकून एक फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी गेलं, मिररले काय समजते. यूएसबीवाली प्रत म्हणूनच अजून चालू आहे, मित्राची डिस्क परत करून स्वतःची घेतली.

विंडोजवाल्यांसाठी एवढंच, तिथं डिस्का जोडून मिरर करायची स्टोरेज स्पेसेस नावाची सोय आहे, त्यात डिस्क पूलमधे, म्हणजे एकत्र गटात, घातली की तिच्यावरचं सगळं पुसलं जाते, आणि जुन्या पद्धतीच्या मिररसाठी केलेली डायनॅमिक डिस्क परत साधी, म्हणजे बेसिक, करायची तर आधी तिच्यावरचे सगळे व्हॉल्यूम, म्हणजे डेटाचे भाग, उडवावे लागतात. म्हणजे डेटा आधी बाहेर काढणं तिथंही चुकत नाही.

पाचपैकी चार देतो. एक यासाठी कापला की एवढ्या मोठ्या घातासाठी नुसता एक वाय पुरतो.

हिरव्या मंडपातल्या एका लग्नाचे तीनेकशे फोटो अजून 'कोणाचे' नावाच्या फोल्डरमधे पडले आहेत, नवरदेवाचा चेहरा ओळखीचा वाटते पण आठवून नाही राहिला.