घरी येणारी नर्स: कॅथेटर, पेग आणि कोलोस्टोमीसाठी काही महिने घेतलेल्या सेवेचा अनुभव

पक्षाघातानंतर बाबा रुग्णालयातून घरी आले ते लघवीचं कॅथेटर आणि थेट जठरात अन्न देण्यासाठी पोटात बसवलेली पेग नळी घेऊनच. आत्याही आमच्याकडेच राहते. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला कोलोस्टोमी आहे, म्हणजे पोटावर केलेल्या तोंडातून मल बाहेर लावलेल्या पिशवीत येतो. त्यामुळे एरवी वेगवेगळ्या घरांत असणाऱ्या तीन गोष्टी आम्हाला एकाच घरात सांभाळाव्या लागल्या. गेले बरेच महिने आम्ही त्यासाठी घरी येणाऱ्या नर्सची सेवा घेतो आहोत. ज्यांच्याकडे असा रुग्ण डिस्चार्ज घेऊन येणार आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते.

मत आधीच सांगते. सेवा जरूर घ्या, पण नर्स नळी किती पटकन बदलते यावरून ती जोखू नका. नळीला हात लावण्याआधी ती काय बघते आणि जाताना घरच्यांना काय शिकवून जाते, ते बघा.

हे आम्हाला पहिल्या एजन्सीमुळे कळलं. त्यांनी नर्स म्हणून पाठवलेली बाई प्रत्यक्षात अटेंडंट होती. अंग पुसणं, कूस बदलणं, चादर बदलणं ती फार मायेनं करायची, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण तिलाच कॅथेटर बदलायला सांगण्यात आलं आणि नळी मूत्राशयात धरून ठेवणारा जो फुगा असतो त्यात ती सलाइन भरायला निघाली. फुग्यात निर्जंतुक पाणी भरतात. सलाइनमधल्या मिठाचे कण साचले तर फुग्याची बारीक वाट बंद होऊ शकते आणि पुढच्या वेळी फुगा रिकामाच होत नाही. रुग्णालयातल्या सिस्टरांनी हे बजावलेलं असल्यामुळे आम्ही तिथेच थांबवलं. चूक तिची नव्हती, तिला त्या कामाला पाठवणाऱ्यांची होती. अटेंडंट आणि प्रशिक्षित नर्स ही दोन वेगळी कामं आहेत. घरात दोघींची गरज असू शकते, पण एकीच्या नावावर दुसरी पाठवलेली चालवून घेऊ नका.

दुसऱ्या सेवेच्या सिस्टर पहिल्या भेटीत बराच वेळ नुसत्या वाचत आणि विचारत होत्या. डिस्चार्जचा कागद मागितला. कॅथेटर सिलिकॉनचं की लेटेक्सचं, किती नंबरचं, फुग्यात किती पाणी, कधी घातलं, हे सगळं एका वहीत लिहिलं. बाबांचं कॅथेटर सिलिकॉनचं, १६ फ्रेंचचं आणि १० मिलीच्या फुग्याचं आहे. फ्रेंचच्या मापात ३ म्हणजे १ मिलिमीटर, त्यामुळे १६ नंबरची नळी साधारण ५.३ मिलिमीटर जाड असते. सिलिकॉनची नळी जास्तीत जास्त १२ आठवड्यांपर्यंत ठेवता येते, साध्या लेटेक्सची त्याच्या बरीच आधी बदलावी लागते. ती वही आजही बाबांच्या पलंगाशी असते आणि या सेवेतून मिळालेली सगळ्यात कामाची वस्तू मी तिलाच म्हणेन.

मध्यंतरी कॅथेटरच्या बाजूनं लघवी झिरपायला लागली. आम्हाला वाटलं नळी बारीक पडते आहे, जाड घालायला हवी. सिस्टरांनी आधी नळी कुठे दुमडली आहे का ते पाहिलं, पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली आहे ना ते पाहिलं आणि मग विचारलं, "बाबांना शौचाला कधी झाली होती?" बरेच दिवस झाली नव्हती. पोट साफ झालं आणि झिरपणं थांबलं. जाड नळीनं उलट मूत्राशयाला जास्त कळा येतात आणि गळती वाढते, हेही त्यांनी समजावलं. नळी मांडीला चिकटपट्टीनं नीट बसवली, म्हणजे कूस बदलताना ओढ बसत नाही. ही छोटी गोष्ट, पण त्यानंतर बाबांचं कण्हणं खरोखर कमी झालं.

संसर्गाबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बरेच दिवस कॅथेटर असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडणारच. नुसती गढूळ दिसली किंवा वास आला म्हणून तपासणी आणि अँटिबायोटिक सुरू करायचं नसतं. ताप, थंडी वाजणं, ओटीपोटात किंवा कमरेत दुखणं, माणूस एकाएकी बावचळल्यासारखा होणं यातलं काही दिसलं, तर मात्र लगेच डॉक्टर. सफाई रोज साबण-पाण्यानं. पुरुषांच्या बाबतीत सफाईसाठी मागे घेतलेली पुढची त्वचा आठवणीनं परत पुढे आणायची, नाहीतर तिथे सूज येऊन ती अडकते. हे कुणी मोकळेपणानं बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते आहे. पिशवी आणि नळीचा जोड उगीच उघडायचा नाही, पिशवी जमिनीला टेकू द्यायची नाही.

पेगबद्दल आमची धास्ती सर्वांत मोठी होती. फीडच्या, म्हणजे नळीतून द्यायच्या पातळ अन्नाच्या, आधी आणि नंतर ३० मिली पाणी सिरिंजनं सोडायचं, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवायची आणि फीड संपल्यावरही किमान अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची, इतकं रुग्णालयात शिकवलं होतं. सिस्टरांनी त्यापुढे जाऊन गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप मागवल्या. बाबांच्या औषधांत एक गोळी हळूहळू विरघळणारी होती. ती कुटून दिली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. डॉक्टरांना विचारून ती बदलून घ्या, असं त्यांनी वहीत लिहून दिलं आणि डॉक्टरांनी ती बदलली. सगळ्या गोळ्या एकत्र कुटायच्या नाहीत. एकेक वेगळी, मध्ये थोडं पाणी. नळी तुंबली तर कोमट पाणी भरून सिरिंज हलक्या हातानं पुढे-मागे करायची, जोर लावायचा नाही, कोला वगैरे घालायचं नाही.

भोकाभोवतीची जखम भरून आल्यावर डॉक्टरांच्या परवानगीनं नळी किंचित आत ढकलून गोल फिरवायलाही त्यांनी शिकवलं. तसं केलं नाही तर आतली चकती जठराच्या भिंतीत रुतू शकते. आणि तोंडानं काही जात नसलं तरी दात आणि जीभ रोज साफ करायची. हे अटेंडंट, नातेवाईक सगळेच विसरतात. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो.

आत्याच्या बाबतीत गोष्ट लवकर सुटली. तिच्या स्टोमाभोवतीची, म्हणजे पोटावरच्या त्या तोंडाभोवतीची, कातडी लाल होऊन आग व्हायची. कारण साधं होतं: शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो आणि आम्ही फ्लँजचं, म्हणजे पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचं, भोक जुन्याच मापानं कापत होतो. मधल्या उघड्या कातडीवर मल लागत होता. सिस्टरांनी मापपट्टीनं मोजून स्टोमापेक्षा फक्त २-३ मिलिमीटर मोठं भोक कापायला लावलं. धुवायला साधं पाणी, तेल किंवा क्रीम अजिबात नाही, कारण मग फ्लँज धरत नाही. पिशवी अर्धी भरायच्या आत रिकामी करायची. पुसताना स्टोमावर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरायचं नाही, पण तो काळा-जांभळा पडला तर तडक रुग्णालय गाठायचं. पुढच्या भेटींत त्यांनी आत्याला आरशासमोर बसवून तिच्याच हातानं सगळं करून घेतलं. ती आधी स्टोमाकडे बघायचीसुद्धा नाही. आता स्वतः बदलते, दार लावून घेते आणि कुणाला बोलावत नाही. तिच्यासाठीच्या भेटी बंद करा, असं सिस्टरांनीच सुचवलं. ज्या सेवेला तुमच्याकडच्या भेटी कमी झालेल्या चालतात तिच्यावर माझा विश्वास बसतो.

उणिवा आहेत आणि एक गंभीर आहे. एका रात्री बाबांची पेग निघून आली. नळी बाहेर आली की भोक काही तासांतच मिटायला लागतं. आम्ही स्वच्छ ड्रेसिंग ठेवलं, फीड बंद ठेवलं आणि सेवेच्या चोवीस तासांच्या क्रमांकावर फोन केला. तिकडून तक्रार नोंदवून सकाळी कळवतो एवढंच उत्तर मिळालं. आम्ही थांबलो नाही, थेट रुग्णालयात गेलो आणि नळी वेळेत बसली. पण फोन उचलणाऱ्या माणसाला यात घाई आहे हेच माहीत नसावं, याचा मला आजही राग येतो. दुसरं म्हणजे सिस्टर रजेवर गेल्या की नवी कोणीतरी येते, आणि वही नसती तर प्रत्येकीला पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

बाबांसाठी सेवा चालू ठेवली आहे. नवा करार करताना मात्र दोन गोष्टी लेखी घेतल्या: रात्री फोनवर नर्सच बोलेल, आणि बदली नर्सनं आधी त्याच आकाराची नळी बदललेली असेल. तुम्ही सेवा ठरवत असाल तर हे दोन्ही सही करण्याआधीच मागा. आणि कॅथेटरची व पेगची, त्याच नंबरची एकेक जादा नळी घरात ठेवा. रात्री रुग्णालयात निघताना आम्ही ती सोबत नेली होती, म्हणून तिथे शोधाशोधीत वेळ गेला नाही.