प्राइम९५ : अवाढव्य मूळ संख्या शोधणारे मोफत सॉफ्टवेअर

मूळ संख्यांविषयी नुसते वाचण्यावर समाधान न मानता त्यांच्या शोधात आपला संगणक लावायचा असेल, तर जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘गिम्प्स’ या, स्वयंसेवकांच्या संगणकांवर मूळ संख्या शोधणाऱ्या प्रकल्पाचे ‘प्राइम९५’ हे सॉफ्टवेअर मला आजही सर्वांत भरवशाचे वाटते. पहिल्यांदा सुरू केल्यावर ते प्रकल्पात सामील व्हायचे आहे की केवळ संगणकाची ताकद तपासायची आहे, एवढेच विचारते. पहिला पर्याय निवडला की सर्व्हरकडून एक घातांक मागवून कामाला लागते.

शोध असतो मर्सेन मूळ संख्यांचा, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांचा. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही : ११ मूळ असली तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती २३ × ८९ अशी फुटते. हे दोन्ही विभाजक २२ च्या पटीत १ मिळवून येतात, हा योगायोग नव्हे. घातांक विषम मूळ असला की अशा संख्येचा प्रत्येक विभाजक घातांकाच्या दुपटीच्या एखाद्या पटीहून १ ने मोठा असतो, आणि त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी विक्रमी संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे. या नियमाने तिचा पहिला संभाव्य विभाजक २७,२५,५९,६८३ येतो, पण त्याला ८ ने भागता बाकी ३ उरत असल्याने तो प्रत्यक्ष भागून न पाहताच बाद होतो. (ही संख्या मात्र ग्राफिक्स कार्डांवर चालणाऱ्या वेगळ्या सॉफ्टवेअरने सापडली, २०१८ चा विक्रम प्राइम९५ चा होता.)

संभाव्य विभाजकांनी भागून पाहण्याच्या या चाळणीतून जी संख्या उरते, ती मूळ आहे का हे ठरवणारी मुख्य चाचणी म्हणजे प्रचंड संख्यांचे कोट्यवधी वेळा वर्ग करणे, आणि त्यातली एक चूकही सगळे उत्तर फुकट घालवते. या सॉफ्टवेअरची खरी थोरवी इथे आहे. ते चालू गणितातल्या चुका मधूनमधून तपासते, चूक आढळल्यास मागच्या खात्रीच्या टप्प्यावर परतते आणि शेवटी असा पुरावा तयार करते, की दुसरा संगणक तुलनेने फार थोड्या श्रमात निकाल पडताळू शकतो. २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष याच सॉफ्टवेअरमुळे उजेडात आला.

खिडकीत आकड्यांच्या ओळी सरकत राहतात, बाकी देखणेपणा नाही. प्रोसेसर पूर्ण क्षमतेने राबत असल्याने उष्णता आणि वीजबिल दोन्ही वाढतात, म्हणून लॅपटॉपवर ते सतत चालवू नये. नवी मूळ संख्या आपल्याच वाट्याला येईल, या आशेवर तर मुळीच बसू नये, कारण २०१८ नंतरची पुढची संख्या सापडायला प्रकल्पातल्या सगळ्यांना मिळून जवळजवळ सहा वर्षे लागली. ‘मूळ नाही’ हा निकालही शोधाचा एक कोपरा कायमचा साफ करतो, आणि ज्याला त्यात समाधान वाटते त्याने हे जरूर वापरावे. संगणक जुना असल्यास जुन्या निकालांच्या फेरतपासणीचे काम मागून घ्यावे. त्यातले घातांक लहान असल्याने ते लवकर हातावेगळे होते.