तांबडा-पांढरा, सहा फुटांवरून

करोनाच्या टाळेबंदीनंतर राज्य सरकारने ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या आसनक्षमतेने उपाहारगृहे सुरू करण्यास परवानगी दिली, परंतु तेव्हा अधिक मास आणि त्यापाठोपाठ नवरात्र असल्यामुळे आमच्या घरात मटणाचा विषय निघाला नव्हता. दसऱ्यानंतरच्या रविवारी मात्र आम्ही तिघे कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या नेहमीच्या खानावळीत गेलो.

आतील मांडणीबद्दल तक्रारीला जागा नव्हती. पूर्वी बारा टेबले दाटीने लावलेली असत, तेव्हा सहाच होती. वातानुकूलन बंद ठेवून रस्त्याकडच्या खिडक्या सताड उघडल्या होत्या, आणि हे मला अंतराइतकेच महत्त्वाचे वाटले. कारण जेवताना मास्क काढावाच लागतो, आणि तांबड्या रश्शाचा ठसका लागल्यावर उडणारे तुषार काही खडूच्या रेषा पाहून थांबत नाहीत.

खरी अडचण वाढण्याची होती. आपल्याकडे ताटाची गोडी निम्मी वाढप्याच्या हातात असते. वाटी रिकामी होण्याआधीच तो रस्सा घेऊन खांद्याशी उभा राहतो, आणि त्या साथीत नेमके तेच नको होते. खानावळीने त्यावर काढलेला उपाय असा, की प्रत्येक टेबलावर तांबड्याचा आणि पांढऱ्याचा असे दोन झाकणाचे तांबे आधीच ठेवलेले असत व ज्याने त्याने आपल्या हाताने ओतून घ्यायचे. आणखी हवा असल्यास वाढपी भरलेला तांबा शेजारच्या स्टुलावर ठेवून मागे सरे. आग्रह मात्र तो तेथूनही सोडत नसे! तांबडा शेवटपर्यंत झणझणीत लागला, मटणही मऊ शिजले होते. नारळाच्या दुधातला पांढरा तेवढा तांब्यात निवत गेला. तांबे लहान ठेवून अधिक वेळा भरून दिले असते तर हा दोष सहज दूर झाला असता.

आत पाळलेले अंतर दारात मात्र उरत नव्हते. पायऱ्यांवर चुन्याची वर्तुळे आखलेली होती, पण नाव पुकारले जाई आतून, त्यामुळे ते ऐकण्यासाठी सगळे उंबऱ्याशी गोळा होत. नंबर आला की मोबाईलवर कळवले असते, तर लोक रस्त्यापलीकडे निवांत उभे राहिले असते. हात धुण्याच्या जागी दोन नळ अगदी खेटून होते आणि तेथे मास्कशिवाय चुळा भरल्या जात. त्यांतील एक बंद करायला हवा होता. पैसे भरण्याचा क्यूआर कोडही गल्ल्यावरच चिकटवलेला असल्याने तेथे पुन्हा गर्दी होई. तो टेबलावर ठेवणे काही अवघड नव्हते.

पुढच्या बुधवारी दुपारी दोननंतर मी एकटाच पुन्हा गेलो, तेव्हा दोनच टेबले भरलेली होती आणि यांपैकी कशाचाच त्रास झाला नाही. सत्तरी ओलांडलेल्या आईसाठी आम्ही तेव्हाही डबाच आणत होतो. त्यात पांढरा रस्सा वेगळा बांधून मागावा आणि घरी मंद आचेवर, ढवळत गरम करावा. उकळू दिला तर फुटतो.